नागपुरास बिऱ्हाड हलविताना

नागपुरास घर किती किरायाने मिळते, एवढा एकच प्रश्न विचारणारे फोन ठाणे, डोंबिवली आणि पुणे या बाजूंनी मला गेली काही वर्षे इतक्या नियमाने येतात की, पलीकडचा आवाज ओळखण्यापूर्वीच मी उत्तराची जुळवाजुळव करू लागतो. विचारणारा बहुधा बदलीचा हुकूम नुकताच हाती पडलेला, किंवा घरी बसून संगणकावर नोकरी करण्याची मुभा मिळालेला, दोन मुलांचा गृहस्थ असतो. मी सांगितलेला आकडा तो आपल्या सध्याच्या भाड्यातून मनातल्या मनात वजा करतो आणि जी बाकी राहील ती दरमहा शिल्लक पडणारच असे धरून तिच्यावर मोटारीचा हप्ताही ठरवून मोकळा होतो. मला त्याचा राग येत नाही, कारण पंधरा वर्षांपूर्वी ठाण्याहून येथे बदलून आलो तेव्हा मीही हाच हिशेब एका जुन्या पाकिटाच्या पाठीवर मांडला होता, आणि पहिल्याच उन्हाळ्यात ते पाकीट फाडून टाकण्याची पाळी माझ्यावर आली होती.

नागपूर स्वस्त आहे यात संशय नाही. पण ही स्वस्ताई महिन्याच्या मापाने मोजू गेल्यास माणूस हमखास फसतो, कारण येथील खर्च वर्षभर सारख्या ओघाने वाहत नाही. मुंबईच्या माणसाला जानेवारी आणि मे यांच्या जमाखर्चात फारसा फरक करण्याची सवय नसते. येथे मात्र त्या दोन महिन्यांची पाने शेजारी शेजारी ठेवली तर ती दोन निरनिराळ्या कुटुंबांची वाटावीत इतकी वेगळी निघतात. म्हणून जो कोणी येथे येऊ इच्छितो त्याने बारा महिन्यांचा अदमास एकदम काढावा आणि मगच किरायाचा विचार करावा, एवढेच माझे सांगणे आहे. पुढे जे येते तो त्याचा तपशील होय.

लोक येथे का येऊ लागले आहेत, यावर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. वर्धा रस्त्यावर विमानतळालगत मिहान प्रकल्प उभा राहिला, त्याच परिसरात अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था आली, 2015 मध्ये भारतीय व्यवस्थापन संस्था सुरू झाली, आणि 11 डिसेंबर 2022 या एकाच दिवशी समृद्धी महामार्गाचा शिर्डीपर्यंतचा टप्पा व येथील मेट्रोच्या पहिल्या टप्प्याचे उरलेले मार्ग वाहतुकीला खुले झाले. जे शहर पूर्वी मध्यप्रांत-वऱ्हाडाची राजधानी होते आणि 1956 च्या प्रांतरचनेनंतर केवळ हिवाळी अधिवेशनापुरते जागे होते अशी थट्टा होई, त्या शहरात आता नोकरीसाठी बाहेरची माणसे येतात आणि टिकतात.

प्रथम आवकेची बाजू पाहावी, कारण खर्च उतरण्याच्या आनंदात आवकही उतरते हे पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. केंद्र सरकारच्या नोकरांना सातव्या वेतन आयोगाच्या सध्याच्या दरांप्रमाणे मुंबई-पुण्यास मूळ वेतनाच्या 30 टक्के घरभाडे भत्ता मिळतो, तर नागपूर दुसऱ्या वर्गाचे शहर गणले जात असल्यामुळे येथे तो 20 टक्क्यांवर येतो. म्हणजे ज्याचे मूळ वेतन 50,000 रुपये आहे त्याच्या हाती दरमहा 5,000 आणि वर्षाकाठी 60,000 रुपये कमी पडतात. जुन्या पद्धतीने प्राप्तिकर भरणाऱ्यास घरभाड्याच्या सवलतीची मर्यादाही मुंबईत पगाराच्या निम्म्यापर्यंत आणि येथे 40 टक्क्यांपर्यंतच मिळते. खासगी नोकरीत असा उघड तक्ता नसतो, तरी बदलीच्या पत्रात शहर भत्त्याचा मजकूर कोठे व कसा बदलला आहे हे भिंग लावून वाचावे आणि शंका असल्यास ती रुजू होण्यापूर्वी लेखी विचारावी. रुजू झाल्यावर विचारलेल्या शंकांची उत्तरे गोड शब्दांत आणि नकारार्थी येतात, असा माझा अनुभव आहे.

आता घराचा विषय. मुंबईत जे भाडे तोच येथे किराया, आणि भाडेकरू तो किरायेदार. हा शब्द जिभेवर बसला की निम्मे नागपूर आपले झाले असे समजावे. येथे अजूनही पुष्कळ घरे स्वतंत्र बांधणीची आहेत, ज्यांत मालक तळमजल्यावर राहतो आणि वरचा मजला किरायाने देतो. दोन-तीन प्रशस्त खोल्या, पुढे गच्ची, अंगणात मालकाची तुळस आणि पपईचे झाड, असे ते चित्र डिसेंबरच्या कोवळ्या उन्हात पाहणाऱ्या ठाणेकराला इतके मोहवते की, तो जागीच इसाराची रक्कम काढून देतो. त्याने एक गोष्ट पाहिलेली नसते: डोक्यावरचा स्लॅब थेट उन्हात आहे आणि निजण्याच्या खोलीची भिंत पश्चिमेकडे आहे. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, आणि महिन्याच्या अखेरीस सूर्य रोहिणी नक्षत्रात गेल्यावरचे जे नऊ दिवस येथे नवतपा म्हणून ओळखले जातात त्या दिवसांत तो स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि मध्यरात्रीपर्यंत ते खाली सोडत राहतो. नळ उघडला तर टाकीतले पाणी अंगावर घेण्यापूर्वी बादलीत निववावे लागते. वरच्या मजल्याचा किराया दोन हजारांनी कमी असतो तो यासाठी, आणि ते दोन हजार विजेच्या बिलातून परत जातात.

घर हिवाळ्यातच पाहावे लागत असेल तर त्याला एक सोपी तोड आहे. महावितरणाच्या बिलावर मागील महिन्यांच्या वापराचे आकडे छापलेले असतात. मालकाकडे किंवा जुन्या किरायेदाराकडे ते बिल मागावे आणि मे-जूनचे युनिट फेब्रुवारीच्या युनिटांशी ताडून पाहावेत. त्या घराच्या भिंती, स्लॅब आणि खिडक्या यांची खरी कैफियत त्या दोन आकड्यांत लिहिलेली असते, आणि ती कोणत्याही दलालाच्या वर्णनाहून विश्वसनीय असते. बिलाचे दर 100, 300 आणि 500 युनिटांच्या पायऱ्यांनी चढत जातात; वरच्या पायरीचा दर त्या पायरीवरच्या युनिटांनाच लागतो हे खरे, पण पहिल्या शंभरानंतर तो जवळजवळ दुप्पट होत असल्यामुळे हिवाळ्यात पहिल्या पायरीवर सुखाने बसलेले घर उन्हाळ्यात तिसरीवर जाऊन पोहोचते.

या ठिकाणी कूलर या यंत्राविषयी थोडे सविस्तर लिहिणे प्राप्त आहे, कारण मुंबईकर त्याला गरिबांचे वातानुकूलन समजून हसतो आणि एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच्याच दुकानापुढे रांगेत उभा राहतो. लोखंडी पत्र्याची मोठी पेटी, तिच्या तीन बाजूंना गवताच्या ताट्या, तळाशी पाण्याचा हौद, त्यातले पाणी वर चढवून ताट्यांवर सोडणारा छोटा पंप आणि समोर पंखा, एवढाच त्याचा संसार. बाहेरची कोरडी झळ ओल्या गवतातून आत ओढली जाते, पाणी वाफ होताना हवेतली उष्णता घेऊन जाते आणि खोलीत गार, किंचित मातकट वासाचा वारा येतो. मुंबईच्या दमट हवेत हे यंत्र निरुपयोगी आहे, पण नागपूरच्या कोरड्या एप्रिल-मेमध्ये त्याच्यासारखे किफायतशीर दुसरे साधन नाही. सुमारे 200 वॅटचा कूलर रोज पंधरा तास चालला तरी महिन्याला 90 युनिट होतात. दीड टनाचे वातानुकूलन यंत्र रोज आठ तास भर चाललेले धरले तर 300 च्या पुढे जाते. पहिला पाऊस पडला, हवेत ओल आली की कूलरचा उपयोग संपतो, आणि तेथून सप्टेंबरपर्यंत जो उकाडा होतो त्याला पंखा आणि सोशिकपणा यांखेरीज स्वस्त उपाय नाही.

कूलरचे दोन हिशेब मात्र विक्रेता सांगत नाही. पहिला गवताचा: ते दर वर्षी मार्चअखेर बदलावे लागते, आणि पंपही एक-दोन उन्हाळ्यांत जवाब देतो. दुसरा पाण्याचा: मोठा कूलर दिवसभरात बादल्यांवर बादल्या पाणी पितो, तेव्हा ज्या वस्तीत पाणी विकत घ्यावे लागते तेथे थंड वाऱ्याची किंमत विजेच्या बिलात न दिसता टँकरच्या बिलात दिसते. शिवाय ही पेटी खिडकीबाहेर लोखंडी घोडीवर उभी करावी लागते; ती कोठे उभी राहील, तिचे गळणारे पाणी कोणाच्या अंगणात जाईल आणि घोडी ठोकण्यास मालकाची संमती आहे काय, हे करारनामा करण्यापूर्वीच बोलून घ्यावे. किरायेदार आणि मालक यांच्यातली मने येथे किरायावरून क्वचित आणि कूलरच्या पाण्यावरून वारंवार बिघडलेली मी पाहिली आहेत.

करारनामा मात्र लेखी आणि नोंदलेलाच असावा. अकरा महिन्यांचा आहे म्हणून नोंदणी नको, ही समजूत चुकीची आहे. 1999 च्या महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याप्रमाणे कराराची नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करवून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. खर्चही फार नाही: मुद्रांक शुल्क मुदतीतील एकूण भाडे व परत मिळणाऱ्या अनामतीवरचे सालीना 10 टक्के मिळून जी रक्कम होईल तिच्या पाव टक्का, आणि महापालिका हद्दीत नोंदणी फी 1,000 रुपये. 15,000 रुपये किरायाच्या घराला मुद्रांक पाचशेच्या आतच राहतो.

पाण्याची खातरजमा घर पाहतानाच करावी. शहरास पेंच आणि कन्हान या नद्यांचे पाणी मिळते आणि महापालिकेच्या जुन्या वस्त्यांत ते चांगले मिळते. पण हद्दीच्या काठावर आणि हद्दीपलीकडे ज्या नव्या वसाहती झपाट्याने उठत आहेत, त्यांतल्या पुष्कळ ठिकाणी विंधनविहिरीवर आणि टँकरवर भिस्त असते. मालक "पाणी भरपूर आहे" म्हणतो ते खोटे नसते. ते कोठले, हे तो आपण होऊन सांगत नाही. स्वयंपाकघरात जाऊन नळाच्या तोंडाशी आणि गीझरच्या खाली पांढरा थर दिसतो काय ते पाहावे. थर असेल तर पाणी जड आहे, तुरीची डाळ त्यात लवकर शिजणार नाही, आणि सिलिंडर ठाण्यापेक्षा काही दिवस आधी संपेल.

मुंबईकरांना सर्वांत अनपेक्षित असा खर्च असतो तो वाहनाचा. लोकलचा मासिक पास ही इतकी स्वस्त सोय आहे की, ती भोगणाऱ्यास तिची किंमत कळत नाही. नागपुरास मेट्रोच्या दोन मार्गिका आहेत, एक ऑटोमोटिव्ह चौकापासून खापरीकडे आणि दुसरी प्रजापतीनगरपासून लोकमान्यनगरकडे, आणि त्या सीताबर्डीला, म्हणजे येथल्या भाषेत बर्डीला, एकमेकींस छेदतात. आपले घर आणि कचेरी या दोन्ही गोष्टी त्या रेषांवर असतील तर पंचवीस वर्षांपूर्वीच्या नागपूरकराला न लाभलेले सुख आपणांस लाभेल. नसतील तर दुचाकी घ्यावी लागेल, मग पत्नीसाठी दुसरी, आणि मुलगा महाविद्यालयात गेला की तिसरी. जुने वाहन महाराष्ट्रातच नोंदलेले असेल तर त्याचा क्रमांक बदलावा लागत नाही, नोंदणीपत्रावरचा पत्ता तीस दिवसांच्या आत बदलून घेणे पुरे होते. परप्रांतातून आलेल्यास मात्र बारा महिन्यांपलीकडे वाहन येथे ठेवायचे असल्यास नव्याने नोंदणी आणि कर यांची तजवीज करावी लागते.

बाजाराची बाजू मात्र आनंदाची आहे. वारावारांनी निरनिराळ्या वस्त्यांत भरणारे बाजार अजून जिवंत आहेत, आणि तेथे कोथिंबिरीला सांबार, बटाट्याला आलू व टोमॅटोला भेद्रे म्हणावयास शिकलेला माणूस दोन पैसे कमी देतो की नाही हे मी सांगू शकत नाही, पण मूठभर सांबार त्याच्या पिशवीत फुकट पडतो हे मी पाहिले आहे. तांदूळ भंडारा-गोंदियाकडून येतो आणि तो ठोक घेऊन वर्षाची बेगमी करणे हिताचे ठरते. संत्री हिवाळ्याच्या तोंडाशी आंबिया बहाराची आणि पुढे फेब्रुवारी-मार्चमध्ये मृगाची, अशी दोनदा येतात. त्या दिवसांत सफरचंदाकडे पाहण्याचे कारण नाही. कोकणी कुटुंबाने मात्र मन घट्ट करावे: समुद्राची मासळी येथे बर्फात निजून, दोन दिवसांचा प्रवास करून येते आणि त्या प्रवासाचे भाडेही आपल्याकडूनच घेते, तेव्हा रोहू, कटला आणि मरळ यांच्याशी सोयरीक जुळवलेली बरी.

शाळेविषयी एवढेच की, विदर्भातील शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा साधारण आठवडाभर उशिरा, जूनच्या अखेरीकडे उघडतात. तेवढी सवड दाखल्यांच्या कामी येते. सामान हलविण्याबाबतही एक सावधगिरी सांगतो. ज्या कंत्राटदाराने आमचे सामान आणले त्याने दर ठाण्यात ठरविला आणि गल्ली अरुंद आहे, गाडी आत जात नाही, या सबबीवर नागपुरात दाराशी आणखी चार हजार मागितले. अर्धे कपाट उन्हात आणि अर्धे गाडीत अशा अवस्थेत वाद घालता येत नाही, म्हणून दारापर्यंत पोहोचविण्याचा शब्द आधीच पावतीवर लिहून घ्यावा.

आणखी एक मोठा मोह येथे आलेल्याला पहिल्याच वर्षी पडतो, तो भूखंडाचा. ज्या रकमेत ठाण्यास एक खोली येत नाही त्या रकमेत शहराच्या काठावर पंधराशे चौरस फुटांची जमीन मिळते असे ऐकल्यावर भल्याभल्यांचा तोल जातो. पहिले वर्ष काहीही घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि पुढे घ्यायचेच असेल तर जमीन अकृषक झाली आहे काय, अभिन्यास मंजूर आहे काय, 1936 पासून शहराची आखणी करीत आलेल्या नागपूर सुधार प्रन्यासाच्या हद्दीत असल्यास येथे ज्याला आर. एल. म्हणतात ते नियमितीकरणाचे पत्र निघाले आहे काय, आणि सातबारा किंवा आखीव पत्रिकेवर विकणाऱ्याचेच नाव आहे काय, हे वकिलाकडून पाहून घ्यावे. जुन्या शहरातल्या काही मिळकती नझूलच्या, म्हणजे सरकारी पट्ट्यावरच्या आहेत. तेथे घर आपले झाले तरी जमीन सरकारचीच असते आणि पट्ट्याची मुदत व भुईभाडे यांची चौकशी केल्यावाचून पुढे जाणे म्हणजे दुसऱ्याच्या थकबाकीचा वारसा घेणे होय.

आता एका कल्पित कुटुंबाचा हिशेब मांडून पाहू. आकडे उदाहरणादाखल आहेत, वाचकाने आपले घालावेत. ठाण्यास भाडे 28,000 आणि येथे किराया 15,000, म्हणजे वर्षाची बचत 1,56,000. त्यातून वर सांगितलेला घरभाडे भत्त्यातला 60,000 चा तोटा गेला, बाकी 96,000. लोकलचा पास वजा जाता दोन दुचाक्यांचे पेट्रोल व निगा महिन्याला 2,500 धरले तर 30,000 गेले, बाकी 66,000. चार उन्हाळी महिन्यांची वाढीव वीज, गवत आणि पंप मिळून 12,000 गेले, बाकी 54,000. आणि नातलग तर तिकडेच राहिलेले: मुंबई येथून रेल्वेने सव्वाआठशे किलोमीटरांहून अधिक, तेव्हा चौघांच्या वर्षातून दोन फेऱ्या, माणशी जाऊन-येऊन 3,000 प्रमाणे, 24,000 गेले. हाती राहिले 30,000, म्हणजे दरमहा अडीच हजार. पाकिटाच्या पाठीवर मात्र तेरा हजार लिहिले होते. मुंबईचा पगार घेऊन घरून काम करणाऱ्याचा भत्ता कापला जात नाही, त्याला 90,000 उरतील, आणि येथे येण्यात आर्थिक दृष्ट्या खरा लाभ आज त्याचाच आहे. नोकरदाराने अडीच हजारांबरोबर दोन खोल्या जास्त आणि संध्याकाळी सहाला घरी पोहोचणे हेही जमेस धरावे, आणि ते धरूनही मन होत नसेल तर बदली रद्द करण्याचा अर्ज वेळेत करावा.

माझा भाचा गेल्या डिसेंबरात येथील एका कंपनीत नेमणूक मिळाली म्हणून डोंबिवलीहून घर पाहण्यास आला आणि आमच्या गल्लीतल्या एका घराचा वरचा मजला पाहून हरखून परतला. "मामा, खालच्यापेक्षा दोन हजारांनी स्वस्त आहे, आणि गच्ची वेगळी," तो म्हणाला. मी त्याला फक्त इतकेच सांगितले की, रुजू व्हावयास जून उजाडणार आहे, तर इसार आताच देऊ नको, मे महिन्यात एकदा ये. तो मेच्या तिसऱ्या आठवड्यात आला. दुपारी तीन वाजता मामीने दिलेले पन्हे पिऊन, डोक्याला उपरणे गुंडाळून तो वर गेला. मालकाने निजण्याची खोली उघडली. भाच्याने पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावला आणि लगेच मागे घेतला. पाच मिनिटांनी तो खाली आला तेव्हा त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. मालक किल्ली हातात धरून जिन्याशीच उभा होता. "खालच्या मजल्याचा किराया कमी नाही ना होणार?" एवढे भाच्याने विचारले, मालकाने मान हलविली, आणि भाच्याने खिशातून मोबाइल काढून खालच्या मजल्याचा इसार तेथल्या तेथे पाठविला.